आईच्या ओव्या कुणाच्या मालकीच्या?

आज सकाळी चहा गाळत होते, आईनं विचारलं, "त्या बायका काय म्हणतायत गं हल्ली?" पोटात धस्स झालं.

त्या बायका म्हणजे आईच्या सोशल मीडिया पेजवरच्या. सहा वर्षं तिच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून मी टाकत होते. एका हातात खुंटा, दुसऱ्या हातानं दाण्यांची वैरण, आणि ओवी. खाली कुणी बार्शीची, कुणी मंगळवेढ्याची लिहायची, "आमच्यात पुढची ओळ अशी आहे." मी वाचून दाखवायचे, आई लगेच म्हणून बघायची. मार्चमध्ये कंपनीनं पेज बंद केलं. नियमभंग म्हणे! कुठला नियम, ते सांगायचं नाही. अपील केलं तर पाच मिनिटांत तेच छापील उत्तर. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्या एकाच माळेचे मणी.

संताप येतो तो याचाच. २०११ पासून देशभर आपण फोनची कंपनी बदलतो, नंबर आपलाच राहतो. एका कंपनीच्या ईमेलवरून दुसऱ्या कंपनीच्या ईमेलवर पत्र जातं. मग इथंच माणसं जोडायची आपण आणि कुलूप त्यांचं, असं का?

वेगळं करता येतं. मॅस्टोडॉन नावाचं सोशल मीडिया २०१६ पासून चालू आहे. सर्व्हर वेगवेगळ्या लोकांचे, पण एकमेकांशी बोलणारे. त्या सर्व्हरांची एकमेकांशी बोलायची सामायिक भाषा, अ‍ॅक्टिव्हिटीपब, २०१८ मध्ये वेबचं अधिकृत मानक झाली. कुणी हाकललं तर दुसऱ्या दाराशी उभं राहता येतं. २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा आपल्याकडचे कितीतरी लोक तिकडे गेले होते. बरेच परतले, हेही खरं. तिथला सर्व्हरवालाही मनमानी करू शकतो, सर्व्हर बदलला तर जुन्या पोस्ट मागेच राहतात. मान्य. पण बार्शीच्या त्या बाईंनी लिहिलेली ओळ त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर राहिली असती. आईचं पेज पुसलं म्हणून त्यांचे शब्द पुसले गेले नसते.

व्हिडिओ माझ्याकडे आहेत हो. गेल्या त्या बायका.

आज शेवटी आईला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अगं, मग मी बरी आहे एवढं तरी कळव त्यांना. काळजी करत असतील." कसं कळवू? एकीचाही नंबर नाही माझ्याकडे. त्या कंपनीकडे सगळ्यांची सगळी माहिती आहे आणि मला एक निरोप धाडता येत नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची आई, मावशी, आजी त्या पेजवर असेल तर सांगा तिला, आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण दळते अजून.

दुपारपासून आम्ही वही घेऊन बसलोय. त्या बायकांच्या जेवढ्या ओळी आईला आठवतात तेवढ्या ती सांगते, मी लिहिते. अकरा झाल्यात. बारावीचा शेवट तिला आठवत नाहीये.