बंद गाडीच्या बदल्यात बोलेरो : प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्माच. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जाम झालेली मोटारसायकल देऊन जुनी बोलेरो घ्यायची संधी मी सोडली, हा कंजूषपणा, म्हाताऱ्या आईला पावसात दुचाकीवर दवाखान्यात नेणाऱ्यानं हिशेबाच्या गोष्टी सांगू नयेत.

आईचा मुद्दा बिनतोड आहे. मागच्या श्रावणात तिला आर्णीच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा युरियाच्या पोत्याची खोळ डोक्यावर तिनं दोन्ही हातांनी धरली होती. मला धरायला हातच उरला नव्हता. लेखात हे मी लिहिलं नाही, खरं आहे.

पण चारचाकी नको असं मी कुठं म्हणालो? नको होता तो सौदा. व्यापाऱ्यानं माझ्या गाडीचे १५ हजार धरले आणि बोलेरोचे ३ लाख ४०. पुतण्यानं अनोळखी बनून फोन केला, ‘बदल्यात काही नाही, नगदी घेतो’ म्हणाला, तर तीच बोलेरो ३ लाख २०! म्हणजे माझी गाडी फुकट, वरून पाच हजारही माझेच.

माझी मोटारसायकल भंगार नव्हतीच. मिस्त्रीनं हेड खोललं, तर ऑइल आटून पिस्टन चिकटलेला. ‘इंजिन बसलं हाये भाऊ, मेलं नाई,’ म्हणाला. बोर, पिस्टन, रिंगा, मजुरी धरून साडेसात हजार. वेचणीच्या धांदलीत ऑइल बघायचं मीच विसरलो, त्याचा हा दंड.

आता तुम्ही ज्याला ‘कागदांचं नाटक’ म्हणता ते. इथं मी ऐकणार नाही. व्यापाऱ्याला माझी सही कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या अर्जांवर हवी होती. घेणाऱ्याचं नाव ‘नंतर टाकू’. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली एका प्रकरणात सांगून ठेवलंय की आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक. त्या प्रकरणातली गाडी एकाकडून दुसऱ्याकडे विकली जात गेली होती, तरी अपघाताची भरपाई कागदावरच्या पहिल्या मालकावर आली. माझी गाडी उद्या कोणी कुठं ठोकली, तर नोटीस माझ्या दारात येईल. तेव्हा व्यापाऱ्याचा फोन लागेल का?

बोलेरोच्या आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, आणि ३५ नंबरचा फॉर्म लागल्याशिवाय तो उतरत नाही. गाडीची नोंदणी २०१२ची, म्हणजे १५ वर्षं २०२७ला भरतात. मग फेरनोंदणी आणि पर्यावरण कर. यावर उत्तर मिळालं, ‘ते पुढचं पुढं.’ थंड इंजिन चालू करून पाहायचं ठरलं होतं, पण आम्ही पोचलो तर बोनेट आधीच गरम. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढलं तर धूर भकभक बाहेर. मिस्त्री काही न बोलता खर्रा थुंकायला बाजूला गेला. मला तेवढं पुरलं.

आणि शेताकडं जाणारी पांदण? तुम्ही बहुधा डांबरी रस्त्याच्या गावचे. माझं वावर दीड किलोमीटर आत, सगळी काळी माती. पावसाळ्यात मी मोटारसायकलचा पुढचा मडगार्ड काढूनच ठेवतो, मागचा गारा पऱ्हाटीच्या काडीनं खरवडतो, तेव्हा कुठं चाक फिरतं. बोलेरोला जोर मागच्या चाकांचा, अन् रिकामी असली की मागून हलकी. शेजाऱ्याची अशीच रुतली होती, ट्रॅक्टर लावून काढली. त्यामुळे चारचाकी आली तरी दुचाकी सुटत नाही. ‘बदल्यात’ हा शब्दच माझ्या घराला लागू नाही.

मोटारसायकल परवा सुरू झाली. तूर विकली की दिग्रसला दुसरी एक बोलेरो पाहायला जाणार आहे, एनओसी आधी हातात ठेवणाऱ्याकडे. मिस्त्री येतोय. आईलाही नेतोय. तिच्या गुडघ्यांना ते पायदान किती उंच पडतं, हे ना तुम्ही विचारलं ना मी.