लवचीक धोरण आणि हिरवा चेहरा

आमच्या कंपनीच्या एचआर पॉलिसीत ‘फ्लेक्सिबल’ हा शब्द अकरा वेळा आलाय. मी मोजलाय. मोजायला वेळ मिळाला, कारण त्या सकाळी हजेरीचं मशीन मला ओळखच देईना.

कोरोनामुळे २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं इंदूरला गेर, म्हणजे रंगपंचमीची रंग उडवत जाणारी मिरवणूक, निघाली नव्हती. २०२२ ला रंगपंचमी आली २२ मार्चला, मंगळवारी. आमचं हेड ऑफिस बेंगळुरूला. तिथून आलेल्या सुट्ट्यांच्या यादीत धुळवड होती, पंचमी नव्हती. इकडे तर खरा रंग पंचमीलाच! कलेक्टरची स्थानिक सुट्टी असते, पण ती सुपर कॉरिडॉरवरच्या काचेच्या इमारतीपर्यंत पोचत नाही. म्हणून एक सीएल खर्चून राजवाड्यावर गेर ‘बघायला’ गेलो. टँकरमधून रंगाचे फवारे तिमजली घरांच्या गच्चीपर्यंत उडत असताना माणूस नुसता बघत कसा राहणार? आईने निघताना खोबरेल चोपडून जा म्हटलं होतं. मी चाळिशीचा, तिचं कशाला ऐकतोय!

गेर संपल्यावर महापालिकेने काही तासांत अख्खा राजवाडा धुऊन लख्ख केला. मी मात्र डाळीचं पीठ, दही, लिंबू आणि शेवटी भांड्यांचा साबण लावूनही हिरवाच.

बुधवारी दारात मशीनसमोर उभा राहिलो. ‘चेहरा जुळत नाही.’ चष्मा काढला. ‘जुळत नाही.’ हसून पाहिलं. मशीनने लाल दिवा लावला. कोरोनात बोटाचं मशीन जाऊन हे आलं, नाहीतर अंगठा तरी शाबूत होता. मागे लाइन वाढलेली. गार्ड म्हणाला, “भिया, थोड़ा साइड में हो जाओ, आपके चक्कर में सबका लेट मार्क लग रिया है।”

लेट मार्कचं गणित आमच्याकडे असं: तीन झाले की अर्धा दिवस कापला. माझे दोन झालेले. हजेरी दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन. त्यात कारणं चारच: कार्ड विसरलो, क्लायंट व्हिजिट, नेटवर्क बंद, इतर. ‘इतर’ निवडलं की मॅनेजरची मंजुरी लागते, आणि मॅनेजर पुण्याला. त्यांना गेर म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं असतं.

एचआरच्या मॅडम रामबागेतल्या, म्हणजे इंदूरच्या मराठी वस्तीतल्या. बाहेर हिंदी, केबिनचं दार लागलं की मराठी. म्हटलं, “मॅडम, जरा फ्लेक्सिबिलिटी दाखवा ना.”

त्यांनी शांतपणे फाइल काढली. जानेवारीतल्या पॉलिसी कमिटीच्या बैठकीचं इतिवृत्त. आमच्या टीममधली एक जण मुलीला पाळणाघरातून आणायला पाचला निघायची, आणि संध्याकाळचे कॉल माझ्या गळ्यात पडायचे. त्या बैठकीत मी तावातावाने बोललो होतो. काय ते मॅडमनी वाचून दाखवलं: “नियम सर्वांना सारखा असावा. वैयक्तिक कारणांसाठी अपवाद करू नयेत.” खाली माझी सही. निळ्या शाईत, झोकदार.

मी म्हटलं, “ते वेगळं होतं.”

“वेगळं कसं? ती मुलीला आणायला जात होती. तुम्ही टँकरखाली उभे राहायला गेलात.”

यावर काही बोलता येईना. हिरव्या तोंडाने शरमल्यावर कसा रंग येतो कुणास ठाऊक, पण मॅडमना बहुधा दया आली. पॉलिसी पुन्हा चाळून त्या म्हणाल्या, “लेट मार्क मी काढू शकत नाही. पण चेहरा बदलल्यास नव्याने नोंदणी करता येते, असं कलम आहे. मिशा काढल्या, ऑपरेशन झालं, अशांसाठी. तुमचाही चेहरा बदललाच आहे की.”

लगेच मशीनसमोर नेऊन माझा फोटो घेतला. हिरवे गाल, कानामागे जांभळा, भुवया गुलाबी. मशीन पहिल्यांदाच गोड आवाजात म्हणालं, ‘धन्यवाद.’ गुरुवारी पटकन ओळखलं. शुक्रवारी जरा विचार करून ओळखलं. शनिवार-रविवार आईने दोन्ही दिवस न्हाऊ घातलं.

सोमवारी स्वच्छ, गोरागोमटा होऊन दारात उभा राहिलो. ‘चेहरा जुळत नाही.’

मंगळवारपासून आई डब्यासोबत हिरव्या रंगाची एक पुडी देते.