‘हवा-तापमानाच्या गप्पा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आयव्हीएफ लॅबवरच्या, म्हणजे टेस्ट-ट्यूब बेबीच्या प्रयोगशाळेवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय : ‘हे इनक्युबेटरचं माहितीपत्रक झालं. टाइम-लॅप्स, पीजीटी-ए, एआय यांना एकेक ओळ, तीही नाक मुरडून. ज्यांच्या दोन सायकल (उपचाराच्या फेऱ्या) वाया गेल्यात त्यांना हवा-तापमानाच्या गप्पा सांगून तुम्ही त्यांची उमेद मोडता. आणि मग आम्ही डॉक्टरांना विचारायचं तरी काय?’

तुमचा राग समजतो. तरी लेखातला माझा मुद्दा, की चकचकीत तंत्रांपेक्षा लॅबमधली हवा, तापमान आणि गोठवण यांची रोजची काळजी जास्त मोलाची, सोडवत नाही. का, ते सविस्तर सांगते.

लॅबमधल्या कामाचे ढोबळ दोन भाग. हाती आलेलं भ्रूण जगवणं हा एक, आणि हाताशी असलेल्या भ्रूणांपैकी आधी कुठलं ट्रान्सफर करायचं (गर्भाशयात सोडायचं) ते ठरवणं हा दुसरा. तुम्ही नाव घेतलेली तिन्ही तंत्रं, म्हणजे इनक्युबेटरमध्ये (भ्रूणं वाढवायच्या पेटीत) कॅमेऱ्याने सतत चित्रं घेणारं टाइम-लॅप्स, भ्रूणाची गुणसूत्रं तपासणारं पीजीटी-ए आणि भ्रूण निवडणारी संगणकाची एआय प्रणाली, मुख्यतः दुसऱ्या भागातली. रांगेत पुढे कोण उभं राहणार हे ती बदलू शकतात, रांगेतली माणसं तीच राहतात. म्हणून ‘यश वाढतं’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, पहिल्या ट्रान्सफरचं यश, की सगळी भ्रूणं वापरून झाल्यावरचं?

टाइम-लॅप्सचं घ्या. २०२४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत दीड हजारांहून जास्त जोडपी होती. कॅमेऱ्याची चित्रं पाहून भ्रूण निवडलेला गट, त्याच इनक्युबेटरमध्ये पण चित्रं न वापरलेला गट आणि नेहमीच्या पद्धतीचा गट. तिन्हींत बाळ जन्माला येण्याचं प्रमाण ३३ ते ३७ टक्क्यांच्या आसपास, दखल घ्यावी असा फरक नाही. एआयचंही तसंच. त्याच वर्षी ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या चाचणीत, आपण अनुभवी एम्ब्रिओलॉजिस्टपेक्षा (भ्रूणतज्ज्ञापेक्षा) कमी पडत नाही एवढंही त्या प्रणालीला सिद्ध करता आलं नाही. वेळ मात्र तिने खूप वाचवला, आणि कामाच्या गर्दीत मला त्याचं मोल आहे. टाइम-लॅप्समुळे डिश बाहेर न काढता भ्रूण पाहता येतं, एका पेशीच्या थेट तीन झाल्या तर तेही नजरेतून सुटत नाही. यंत्र चांगलंच आहे. माझी तक्रार त्याच्या जाहिरातीबद्दल आहे.

पीजीटी-ए जरा गुंतागुंतीचं. ब्लास्टोसिस्टच्या (पाच-सहा दिवसांच्या भ्रूणाच्या) बाहेरच्या थरातून, म्हणजे पुढे ज्याची वार होते त्या भागातून, पाच-दहा पेशी काढून गुणसूत्रं मोजतात. चीनमधली २०२१ची मोठी चाचणी पाहा. सदतिशीपर्यंतच्या, निदान तीन चांगले ब्लास्टोसिस्ट असलेल्या स्त्रिया. तपासणी केलेल्या गटात बाळ झालं ७७ टक्क्यांना, न केलेल्या गटात जवळपास ८२ टक्क्यांना. गर्भपात मात्र तपासणीच्या गटात कमी झाले, आणि ज्यांनी तो भोगलाय त्यांना ही बाब लहान वाटणार नाही. वय जास्त असेल तर हिशेब बदलतो. घराण्यात जनुकीय आजार असेल, तर लागणारी तपासणीच वेगळी.

आता त्या कंटाळवाण्या गप्पांकडे. स्त्रीबीजात गुणसूत्रं धरून ठेवणारी एक नाजूक तंतुरचना असते. बीज थंड पडलं की ती काही मिनिटांत विस्कटते, आणि पुन्हा गरम केल्यावर दर वेळी जशीच्या तशी जुळतेच असं नाही. मायक्रोस्कोपच्या गरम पट्टीवर ३७ अंश दिसत असले, तरी बीज किंवा भ्रूण असलेल्या, तेलाखालच्या त्या इवल्याशा थेंबात तेवढे नसतात. म्हणून आम्ही बारीक तार थेंबातच बुडवून तापमान मोजतो आणि पट्टी त्या हिशेबाने थोडी वर लावतो. डिश बाहेर राहिली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि भ्रूण ज्या द्रवात वाढतं त्या मीडियमचा पीएच चढतो, म्हणजे आम्लता घटते. तेल त्याला थोपवतं, पण थोडाच वेळ. (लॅबमध्ये कुणी अत्तर लावून आलं तर आम्ही का खेकसतो, तेही यातच आलं. बाष्प होऊन उडणारी रसायनं थेट मीडियमपर्यंत पोचतात.)

ऑक्सिजनची गोष्ट तर मला फारच आवडते. बीजवाहिनीत तो २ ते ८ टक्के असतो, हवेत जवळजवळ २१. वर्षानुवर्षं भ्रूणं हवेइतक्याच ऑक्सिजनमध्ये वाढवली गेली. तो ५ टक्क्यांवर आणल्यावर जिवंत जन्मांचं प्रमाण वाढतं, असं अनेक चाचण्या एकत्र पडताळणाऱ्या २०१२च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं. यासाठी लागला तो नायट्रोजनचा सिलिंडर आणि ते प्रमाण रोज तपासणारं माणूस. माहितीपत्रकात याचा फोटो काय छापणार?

व्हिट्रिफिकेशनबद्दल, म्हणजे झटपट गोठवणीबद्दल, तर वादच नको. जुन्या संथ गोठवणीत पाण्याचे स्फटिक पेशी फाडायचे. आता भ्रूण दाट द्रावणात जेमतेम मिनिटभर ठेवून, केसासारख्या पातळ पट्टीवर नावापुरत्या थेंबात घेऊन, उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवतात. स्फटिक व्हायला सवडच मिळत नाही. चांगल्या लॅबमध्ये दहातले नऊ किंवा त्याहून जास्त ब्लास्टोसिस्ट वितळवल्यावर जिवंत निघतात. रांगेतली माणसं टिकतात ती इथे.

तेव्हा विचारायचं ते हे. गोठवलेले किती ब्लास्टोसिस्ट तुमच्याकडे जिवंत परत येतात? फलित झालेल्या बीजांपैकी किती पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत पोचतात? इनक्युबेटरमध्ये ऑक्सिजन किती ठेवता? आणि सांगता ते यश पॉझिटिव्ह टेस्टचं की जन्मलेल्या बाळाचं, ट्रान्सफरमागे की सुरू केलेल्या सायकलमागे? तुमच्या दोन्ही सायकलचे लॅबचे कागदही मागून घ्या. बीजं किती, फलित किती, कुठल्या दिवशी किती उरली, एवढं त्यात असतं. गळती नेमकी कुठे झाली ते कळल्याशिवाय तिसऱ्या वेळी काय बदलायचं, हे ना डॉक्टर सांगू शकतील ना मी.