कॅमेऱ्याला थंडी वाजावी म्हणून

देवयानी दीर्घिकेचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे २५ लाख वर्षं लागतात. एवढी पायपीट करून तो पुण्यात आमच्या गच्चीवर उतरतो, आणि अगदी शेवटच्या टप्प्यावर, कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, त्याची गाठ पडते लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांच्या झुंडीशी. हे ठिपके म्हणजे तारे नव्हेत. सेन्सर तापला की प्रकाश नसतानाही त्यात इलेक्ट्रॉन साठत जातात आणि पाच मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये ते पोटभर गोंधळ घालतात. तापमान साधारण सहा अंशांनी वाढलं की हा उपद्रव दुप्पट होतो. उलट बाजूने हिशेब केला तर मात्र जीव हरखतो: अठरा अंश उतरवले की उपद्रव आठव्या हिश्शावर! थंड राहणारे तयार कॅमेरे बाजारात मिळतात, पण किंमत ऐकून आधी गिऱ्हाईकच थंड पडतं.

म्हणून घरीच करायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. घरच्यांना बातमी सोल्डरिंगच्या वासावरून कळली.

झां पेल्तिए नावाच्या, मूळच्या घड्याळजी असलेल्या फ्रेंच गृहस्थाने १८३४ साली दाखवून दिलं की दोन वेगळ्या धातूंच्या जोडातून वीज सोडली की तो जोड गार किंवा गरम होतो. आज त्याच तत्त्वावरची चार सेंटिमीटर चौरस चकती तापकीर गल्लीत मिळते. तिचा मॉडेल नंबर, टीईसी१-१२७०६, म्हटल्यावर दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "वॉटर कूलरला का?" मी "कॅमेऱ्याला" म्हणालो, तेव्हा मान वर झाली.

ही चकती थंड करते, हे अर्धसत्य. ती फक्त इकडची उष्णता तिकडे नेऊन टाकते आणि त्या हमालीबद्दल स्वतःची उष्णता वर चढवते. तिची पाठ गार ठेवली नाही, तर थोड्या वेळात पोटही तापतं. म्हणून मागे जुन्या कॉम्प्युटरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा पात्यापात्यांचा धातूचा ठोकळा, आणि पंखा. पंख्याची थरथर ताऱ्यांपर्यंत पोचू नये म्हणून मध्ये रबर. या सगळ्याला बारा व्होल्टची बॅटरी. टपाल तिकिटाएवढा सेन्सर गार करायला जमवलेला हा संसार गच्चीवर चढवताना वॉचमनने "शिफ्टिंग करताय का?" असं विचारलं, यात त्याचं काय चुकलं?

गारवा सेन्सरपर्यंत न्यायला तांब्याची पट्टी हवी. ती तांबट आळीत. तिथल्या काकांनी पट्टी ठोकून सपाट केली, बोट फिरवून पाहिली आणि विचारलं, "घंगाळाला डाग द्यायचाय का?" मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "मग कल्हई नको."

कॅमेरा उघडणं ही मात्र काळजाची परीक्षा. तिळाएवढे स्क्रू, आणि ते सगळे सारख्या लांबीचे नसतात. फ्लेक्स केबलची काळी कडी नखाने उचलायची, तेव्हा श्वास सोडायचा नाही. सेन्सर आणि त्यामागची सर्किटची पाटी यांच्यातल्या फटीत ती पट्टी सरकवायची. पट्टीला आधी कॅप्टॉन टेप, म्हणजे वीज अडवणारी चिकटपट्टी, नाहीतर शॉर्टसर्किट होऊन सगळंच कायमचं गार. थर्मल पेस्ट सेन्सरच्या पाठीला लावायची असते. ती शर्टाच्या बाहीला, दाराच्या कडीला आणि नंतर भाच्याच्या गालालाही सापडली.

आणि एकदाचं यंत्र चाललं. आकडा उतरू लागला. हवा अठरा अंश, सेन्सर शून्याच्या आसपास! पहिला फोटो आला तेव्हा प्रत्येक ताऱ्याभोवती प्रभावळ. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेलेला, आणि हवेतली वाफ गार काचेचा पत्ता बरोबर शोधते. सेन्सरवर दव.

मग कॅमेऱ्याच्या फटी बुजवून आत सिलिका जेल. घरात नवी चप्पल आली की खोक्यातल्या पुडीवर पहिला हक्क माझा. ओल धरलेले दाणे मोडीत काढलेल्या कढईत भाजून पुन्हा कोरडे करायचे. "साबुदाणा एवढा कडक का झालाय?" असं आईने विचारल्यापासून त्या कढईवर रंगाने कवटी काढली आहे.

तिकडे खुद्द आईला दुसरंच कोडं पडलेलं. रात्री मी झाकण लावून कॅमेरा चालू ठेवतो. त्याच तापमानाला, तेवढ्याच वेळाचे हे काळे फोटो खऱ्या फोटोतून वजा केले की उरलेसुरले ठिपके जातात, असं मी समजावलं. "म्हणजे तू अंधाराचे फोटो काढून ठेवतोस," ती म्हणाली. हो, आणि तारखेनुसार फोल्डरही आहेत.

आतलं दव गेलं, तर पुढच्या काचेवर, बाहेरून, दव. त्यावर उपाय म्हणजे काचेभोवती रेझिस्टरची माळ बांधून ती थोडी गरम ठेवणं. त्याच बॅटरीवर. मी माळ बांधत होतो, तेव्हा आई चहा घेऊन वर आली.

"मागून गार करतोयस?"

"हो."

"आणि पुढून गरम?"

"हो."

"मग दोन्ही काढून टाकलं तर?"

देवयानी पाण्याच्या टाकीमागे जायला थोडाच वेळ उरला होता. मी आईला म्हटलं, "ती बॅटरीची वायर दे."

तिने लाल दिली. काळी हवी होती.