‘एकच फोल्डर करा, अँटिव्हायरस बंद ठेवा’ : प्लगइनवाल्या त्या मेसेजची चिरफाड

‘होम स्टुडिओवाल्यांनो, हे सेव्ह करून ठेवा’ अशी सुरुवात असलेला एक मेसेज सध्या रीमिक्स करणाऱ्या पोरांच्या ग्रुपांतून फिरतोय. खाली एका ड्राइव्हची लिंक, ‘दीड हजार प्लगइन, सगळे फुल व्हर्जन’ असा मथळा (प्लगइन म्हणजे गाणं बनवायच्या सॉफ्टवेअरला जोडायची वाद्यं आणि इफेक्ट) आणि एवढा पसारा सांभाळायचे सहा नियम. तो फिरत फिरत इचलकरंजीला माझ्या भाच्यापर्यंत पोचला. त्याने मला पुढे पाठवला आणि विचारलं, “मामा, टाकू ना सगळं? गणपतीच्या आधी सेटअप लावायचाय.” म्हणजे टाकायचं ठरलंच होतं, मामाचा फक्त शिक्का हवा होता. मिळणार नाही.

नियम थोडक्यात असे. एक, सगळे प्लगइन एकाच फोल्डरमध्ये ओता. दोन, फाइलींना आपल्या सोयीची नावं द्या, म्हणजे पटकन सापडतात. तीन, इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करा, तो क्रॅकवर (म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरवर) उगाच बोंबलतो. चार, जास्त प्लगइन टाकले तर मशीन स्लो होतं, म्हणून रॅम वाढवा. पाच, जुने व्हीएसटी-टू (व्हीएसटी हा प्लगइनचा प्रकार, टू ही त्याची जुनी पिढी, थ्री नवी) आता मेले, सगळे उडवा. सहा, नवीन मशीन घेतलं की जुना फोल्डर कॉपी-पेस्ट करा, काम झालं.

मी क्रमाने जाणार नाही. तिसऱ्या नियमाने लोकांचं खरंखुरं नुकसान होतं, म्हणून आधी तो.

अँटिव्हायरस क्रॅकवर बोंबलतो हे अर्धं खरं आहे, आणि ते नाइलाजाने मान्य करतो. क्रॅक करताना मूळ प्रोग्रामचा कोड फिरवलेला असतो, वर तो गुंडाळून लपवलेला असतो. व्हायरसही तसाच दिसतो. त्यामुळे कधी कधी निव्वळ संशयावरून लाल पाटी येते. सॅम्पल लायब्ररीचं फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळायचा सल्ला जाणकारही देतात, कारण गाणं चालू असताना शेकडो छोट्या ऑडिओ फाइली उघडतात आणि प्रत्येकीला तपासत बसलं की आवाज तुटतो. पण ऑडिओ फाइलींचं फोल्डर वगळणं वेगळं, आणि पहारा उठवून अनोळखी माणसाचा इन्स्टॉलर ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने चालवणं वेगळं. मेसेज दुसरं करायला सांगतोय. शंभरातल्या नव्व्याण्णव पाट्या खोट्या असल्या, तरी उरलेली एक कोणती हे तुम्ही कसं ओळखणार? ओळखू शकणारी एकमेव गोष्ट तर तुम्ही आत्ताच बंद केलीत.

‘प्लगइनमध्ये कोण कशाला व्हायरस टाकेल’ असं भाच्याचं म्हणणं. टाकलाय. जून २०१९मध्ये ईसेट या अँटिव्हायरस कंपनीच्या संशोधकांनी ‘लाउडमायनर’ नावाच्या मालवेअरवर (घातक प्रोग्रामवर) सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. ऑगस्ट २०१८मध्ये नोंदवलेल्या एका डोमेनवर, एकाच वेबसाइटवर, व्हीएसटीशी संबंधित १३७ क्रॅक सॉफ्टवेअर ठेवलेली होती. ४२ विंडोजची, ९५ मॅकची. (‘मॅकला व्हायरस लागत नाही’वाल्यांनी हा आकडा परत वाचावा.) तिथे सगळ्यात आधी चढवलेलं सॉफ्टवेअर कोणतं? कॉन्टॅक्ट ५.७. म्हणजे सतार, तबला, व्हायोलिनच्या लायब्रऱ्या चालवायला अर्धं जग जे शोधतं, नेमकं तेच.

करामत अशी की प्लगइन खरोखर चालायचा. त्याच्यासोबत गुपचूप एक अख्खा आभासी कॉम्प्युटर बसायचा, विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, मॅकवर क्यूईएमयूमध्ये. त्याच्या आत टायनी कोअर नावाचं इवलंसं लिनक्स, आणि त्या लिनक्सला काम एकच : तुमच्या विजेवर, तुमच्या प्रोसेसरवर मोनेरो हे क्रिप्टो चलन खणून (म्हणजे आकडेमोड करून कमावून) दुसऱ्याच्या खात्यात टाकायचं. मॅकवर तर तुम्ही अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडलात की खणणं थांबायचं. बंद केलंत की पुन्हा सुरू. म्हणजे ‘मशीन गरम का होतंय’ म्हणून बघायला गेलात, तर सगळं शांत.

आणि संगीतवालेच का निवडले, याचं संशोधकांनी दिलेलं कारण प्रत्येक होम स्टुडिओवाल्याने ऐकावं. या लोकांकडे मशीन तगडं असतं, आणि प्रोसेसरवर ताण आला तरी त्यांना नवल वाटत नाही. किती बरोबर ओळखलं होतं! पंखा घोंघावला की आपण म्हणतो, रिव्हर्ब (आवाज घुमवणारे इफेक्ट) जास्त झाले वाटतं. मग लेटन्सी (आवाज यायला लागणारा उशीर) वाढवतो, ट्रॅक फ्रीज करतो (इफेक्टसह तात्पुरता पक्का करतो), शेवटी मेसेजचा चौथा नियम पाळून रॅम विकत आणतो. चोर मात्र शेजारी बसून आपलं काम करतोय.

‘अँटिव्हायरस कंपन्या भीती घालणारच, धंदा आहे त्यांचा’ असं कुणीतरी म्हणेलच. धंदा आहे, मान्य. पण त्या अहवालात फाइलींची नावं, सर्व्हरचे पत्ते, स्क्रिप्टचा कोड असं सगळं उघड मांडलंय. ज्याला पटत नाही त्याने पडताळावं. त्या मेसेजमध्ये पडताळण्यासारखं काय आहे? लिंक कुणी बनवली, फाइली कुणी चढवल्या, काही नाही.

किमतीचा मुद्दा मात्र मला झटकायचा नाही. इचलकरंजीत रीमिक्स करणाऱ्या पोराने डॉलरमधल्या किमती कुठून भरायच्या? शिवाय कंपन्याही काही साधुसंत नाहीत. मार्च २०२३मध्ये प्लगइन बनवणाऱ्या वेव्हज कंपनीने कायमस्वरूपी लायसन्स विकणं एका फटक्यात थांबवून सगळ्यांना वर्गणीच्या रांगेत उभं केलं होतं. इतका आरडाओरडा झाला की काही दिवसांतच निर्णय फिरवावा लागला. तेव्हा राग समजतो. पण त्यावर उपाय म्हणून दीड हजार चोरीचे प्लगइन कशाला? व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे सिंथ, टीडीआर नोव्हा हा ईक्यू, व्होक्सेंगो स्पॅन हा अ‍ॅनलायझर, व्हॅलहाला सुपरमॅसिव्ह हा रिव्हर्ब-डिले : हे सगळे बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या साइटवर अधिकृतपणे फुकट मिळतात. (व्हायटलची पैसेवाली आवृत्तीही आहे, पण फुकटची पुरते.) हलगीचा ट्रॅक चढवायला एवढ्यात भागतं. नाही भागलं तर दोष प्लगइनचा नसतो.

आता पहिला आणि दुसरा नियम, दोन्ही एकत्र. मूळ घोळ एकच आहे : प्लगइन म्हणजे नुसती एक सुटी फाइल, ती गाण्यासारखी कुठेही ठेवावी, काहीही नाव द्यावं, असं मेसेजवाल्याला वाटतं.

एकाच फोल्डरमध्ये ओतायला गेलात की पहिला फटका जुन्या डीएलएल फाइलींचा (विंडोजवर व्हीएसटी-टू प्लगइन याच रूपात असतात) बसतो. पुष्कळ प्लगइनच्या ३२-बिट आणि ६४-बिट फाइलींचं नाव तंतोतंत एकच असतं. विंडोज विचारतं, ‘रिप्लेस करू?’ दीड हजार फाइली कॉपी करणारा माणूस ‘यस टू ऑल’ दाबतो. कोण कुणावर बसलं, कळायला मार्ग नाही. मग महिन्याभराने ‘प्लगइन स्कॅनमध्ये येत नाही’ (म्हणजे सॉफ्टवेअरला तो सापडतच नाही) म्हणून फोन.

व्हीएसटी-थ्रीला तर फोल्डर निवडायचा प्रश्नच नाही. जागा ठरलेली आहे : विंडोजवर सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, त्यात कॉमन फाइल्स, त्यात व्हीएसटी-थ्री. गाणं बनवायचं सॉफ्टवेअर तिथेच बघतं. आत कंपनीवार उपफोल्डर खुशाल करा, चालतात. शिवाय हल्ली बरेच व्हीएसटी-थ्री फाइल नसून फोल्डरच असतात. नावाच्या शेवटी ‘डॉट व्हीएसटी-थ्री’ असतं म्हणून फाइल वाटते, उघडलं की आत ‘कंटेंट्स’, त्याच्या आत खरी फाइल आणि कधी बाजूला ‘रिसोर्सेस’. पोरं आतली फाइल तेवढी उचलून बाहेर ठेवतात आणि बाकीचा कचरा समजून डिलीट करतात. मग प्लगइन उघडतो पण प्रीसेट (तयार सेटिंग) गायब, किंवा उघडतच नाही.

नावं बदलण्याचा सल्ला याहून वेडगळ. वेव्हजचंच घ्या. व्हीएसटी-थ्रीच्या फोल्डरमध्ये त्यांचे प्लगइन एकेक करून दिसतच नाहीत. तिथे ‘वेव्हशेल’ नावाची फाइल असते, मागे आकडे, व्हर्जन. खरे प्लगइन दुसऱ्याच फोल्डरमध्ये असतात, शेल फक्त त्यांना बोलावून आणतो. आपल्या मेसेजवाल्याचा शिष्य आवराआवरी करताना ही फाइल बघतो, ‘हे काय, असला प्लगइन मी कधी वापरलाच नाही’ म्हणतो आणि उडवतो. एका डिलीटमध्ये वेव्हजचा अख्खा संसार बेपत्ता. इतर कंपन्यांच्या फाइलींना ‘०१ कॉम्प्रेसर’, ‘०२ भारी रिव्हर्ब’ अशी नावं दिलीत, तर काही सॉफ्टवेअर जुन्या प्रोजेक्टमध्ये मूळ फाइलनाव शोधत बसतात आणि ‘प्लगइन मिसिंग’ दाखवतात. मागच्या वर्षीच्या गाण्यात तर ०१ कॉम्प्रेसर नव्हता ना.

वर्गवारी करायची ती सॉफ्टवेअरच्या आत करा, त्यासाठीच सोय दिलेली आहे. एफएल स्टुडिओत ‘प्लगइन डेटाबेस’ आहे. तिथली नोंद म्हणजे प्लगइनकडे बोट दाखवणारी छोटी फाइल. तिचं नाव बदला, ‘गणपती’ नावाचा गट करून त्यात टाका, नको असेल तर काढा, मूळ फाइलीला धक्का लागत नाही. क्यूबेसच्या प्लगइन मॅनेजरमध्ये ‘कलेक्शन’ करता येतात. रीपरमध्ये एफएक्स ब्राउझरच्या डाव्या पट्टीवर राइट क्लिक करून फोल्डर बनतं. एकच प्लगइन हव्या तेवढ्या गटांत ठेवता येतो. डिस्कवर हे कसं करणार होतात, प्रती काढून?

चौथा नियम. इन्स्टॉल केलेला प्लगइन रॅम खात नाही. गाण्यात लावलेला खातो. डिस्कवर दोन हजार पडले असले आणि गाण्यात दहा लावले, तर ओझं दहांचं. स्कॅनला वेळ लागतो हे खरं, पण एकदा स्कॅन झालं की सॉफ्टवेअर यादी साठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी साधारण नवीन फाइलीच तपासतं. मात्र एखादा बिघडलेला प्लगइन स्कॅनमध्येच अडकला की सॉफ्टवेअर उघडतच नाही, आणि दीड हजारांत तो कोणता हे शोधण्यात रात्र जाते. तेव्हा ‘कमी ठेवा’ हे बरोबर, कारण मात्र चुकीचं. आणि रॅम वाढवून हे सुटत नाही.

पाचव्या नियमात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो फसवा. व्हीएसटी हा प्रकार स्टाइनबर्ग कंपनीने १९९६मध्ये आपल्या क्यूबेससोबत आणला. व्हीएसटी-थ्री २००८चा. ऑक्टोबर २०१८मध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटी-टूचं विकसकांसाठीचं किट देणं बंद केलं, आणि जानेवारी २०२२मध्ये आपल्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधूनही त्याचा आधार दोन वर्षांत काढून घेणार असं जाहीर केलं. इथपर्यंत मेसेज बरोबर. पण रीपर, एफएल स्टुडिओ यांच्यात व्हीएसटी-टू चालतात. आणि मुख्य म्हणजे तुमची जुनी गाणी त्यांच्यावर उभी आहेत. व्हीएसटी-थ्री आवृत्ती टाकली म्हणजे ती आपोआप जुन्याच्या जागी जाऊन बसेल असं नाही. प्लगइन बनवणाऱ्याने तशी सोय केली असेल आणि तुमचं सॉफ्टवेअर ती मानत असेल, तरच.

त्यामुळे उडवण्याआधी ज्या गाण्यांना पुन्हा हात लागू शकतो ती उघडा, प्रत्येक ट्रॅक इफेक्टसह वेगळा वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा, आणि मग काय ते उडवा. मंडळाचा कार्यकर्ता दोन वर्षांनी येऊन “तेच गाणं, फक्त नाव बदलून द्या दादा” म्हणणार, हे ज्याने हा धंदा केलाय त्याला सांगायला नको.

सहावा नियम, कॉपी-पेस्ट. एका फाइलीचे काही फुकट प्लगइन असे चालतात. बाकीच्यांचा पसारा ‘प्रोग्रामडेटा’त, ‘डॉक्युमेंट्स’मध्ये, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) विखुरलेला असतो आणि लायसन्स मशीनला बांधलेलं असतं. जुनं मशीन विकण्याआधी त्यावरचं लायसन्स सोडवून घ्यावं लागतं. ते राहिलं तर कंपनीच्या सपोर्टला मेल करत बसा.

भाच्याला मी सांगितलंय ते असं : एका साध्या टेक्स्ट फाइलीत प्लगइनचं नाव, व्हर्जन, कोणत्या मेलआयडीवर घेतला आणि इन्स्टॉलर कुठे ठेवलाय, एवढं लिही. इन्स्टॉलर बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेव, वर्षवार फोल्डर करून. ती ड्राइव्हची लिंक त्याने अजून डिलीट केलेली नाही, “फक्त बघायला ठेवलीय मामा” म्हणतो. रविवारी जातोय मी तिकडे.