'काकालोकांची गाडी' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

मागच्या आठवड्यात पोलारिस या अमेरिकन कंपनीच्या इंडी या स्नोमोबिलवर (पुढे दोन स्की म्हणजे घसरपट्ट्या असलेली बर्फावरची गाडी) मी जो लेख टाकला त्याखाली 'एक जुना वाचक' अशा नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्यात म्हटलंय की लेख इकडून तिकडून उचलून केलेला वाटतो, 'इंडी ही ट्रेलवर रमतगमत फिरणाऱ्या काकालोकांची गाडी, तिला रेसिंगचा वारसा जाहिरातवाल्यांनी मागून चिकटवलाय आणि तुम्ही तो डोळे झाकून गिळलात', स्की-डूची ब्लिझार्ड आणि आर्क्टिक कॅटची एल टिग्रे या स्पर्धक गाड्यांना मी दोन ओळीत उरकलंय, पुढचं स्वतंत्र सस्पेन्शन इतरांनी आधीच करून बघितलं होतं, एक साल चुकलंय, आणि शेवटी 'कऱ्हाडच्या माणसाने बर्फाच्या गाड्यांवर लिहू नये असं नाही, पण लिहिण्याआधी एकदा बसून बघावं.'

तीन दिवस मी काही लिहिलं नाही. बायको म्हणाली सोडून द्या. पण नाही सोडवत, कारण चुका दाखवणं वेगळं आणि माणसाची लायकी काढणं वेगळं. या ब्लॉगवर नऊ वर्षांत शेकडो प्रतिक्रिया आल्या, त्यातल्या कितीतरी कडक होत्या, एकही मी उडवलेली नाही. 'डोळे झाकून गिळलात' हे मात्र कोणी कोणाला म्हणू नये, समोरासमोर बसून चहा पिताना तुम्ही मला हे म्हणाला असतात का? नसतात म्हणाला. नाव न लिहिता म्हणालात.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करून टाकतो. टीएक्स-एल इंडी, म्हणजे पहिलीच इंडी, १९७९ ची असं मी लिहिलं होतं, ते १९८० चं मॉडेल असं पाहिजे. या गाड्या बर्फ पडायच्या आधी, आदल्या वर्षीच दुकानात येतात त्यामुळे माझा घोळ झाला. चूक ती चूक, मूळ लेखात दुरुस्त केलीय, धन्यवाद.

आता त्या 'मागून चिकटवलेल्या वारशा'बद्दल.

माझ्या वडिलांचं कऱ्हाडला हायवेला लागून गॅरेज होतं. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर. पाटे (चाकावरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बदलणं हे आमचं रोजचं काम, दहावीपर्यंत माझ्या हाताला ग्रीसचा वास कायम असायचा. एक पाटा तुटलेला ट्रक कसा चालतो, पाट्यांवरची गाडी खड्ड्यातून जाताना कुठे आपटते आणि कुठे उडते हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. १९९७ ला मी मिनेसोटात आलो, ड्युलुथच्या उत्तरेला राहायला लागलो आणि दुसऱ्याच हिवाळ्यात शेजारच्या आजोबांनी त्यांच्या शेडमधली १९७८ ची पोलारिस टीएक्स-एल दाखवली तेव्हा मी पहिली गोष्ट कुठली केली असेल तर वाकून स्कीच्या वर बघितलं. पाटे! आमच्या टेम्पोला असायचे तसेच, फक्त छोटे, एका स्कीवर एक गठ्ठा. मला इतकं घरच्यासारखं वाटलं की ती गाडी मी तिथल्या तिथे विकत घेतली, चारशे डॉलरला, आणि चार हिवाळे चालवली. तर बसून बघावं हा सल्ला तुम्ही दुसऱ्या कोणाला तरी द्या.

टीएक्स-एल ही साधीसुधी गाडी नव्हती. १९७७ च्या मॉडेलपासून आलेली, पाण्याने थंड होणारं ३४० चं टू-स्ट्रोक इंजिन, जपानच्या फुजी हेवी इंडस्ट्रीजचं, म्हणजे सुबारू बनवणाऱ्यांचंच. अंगाने हलकी आणि बुटकी, क्रॉसकंट्रीच्या लांब शर्यतींत तिने नाव काढलं. पण पुढे पाटेच. नॉर्थ शोअर ट्रेलवर शनिवार-रविवारी शेकडो गाड्या जाऊन बर्फात ओळीने उंचवटे पडतात, आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्या जाऊन कच्च्या रस्त्याला पडतात तसे, त्यावर ती टीएक्स-एल घातली की पहिले दोन उंचवटे पाटे घेतात आणि तिसऱ्यापासून तुमचे मनगट घेतात. वेग कमी करा नाहीतर हँडल सोडा. ड्युलुथ ते ग्रँड मरे हा ट्रेल साधारण १४६ मैलांचा आहे, त्यातले चाळीस मी त्या गाडीवर एका दिवसात केले आणि दुसऱ्या दिवशी कॉफीचा कप उचलताना हात थरथरत होता.

हे सगळं का सांगतोय, तर पोलारिसच्या रेसिंग टीमलाही नेमकी हीच अडचण होती, फक्त बर्फाच्या गोल ट्रॅकवर आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेगात. स्नो-प्रो नावाचा वर्ग होता, त्यात कंपन्यांच्या स्वतःच्या टीम आणि खास बनवलेल्या गाड्या उतरायच्या. शर्यत सुरू झाली की अर्ध्या तासात वळणावरचा बर्फ खरवडून खाचा पडतात आणि मग ज्याची स्की बर्फाला चिकटून राहील तो पुढे. पाट्यावरची स्की चिकटून राहत नाही, उडते, आणि हवेत असलेल्या स्कीने गाडी वळत नाही. म्हणून पोलारिसने आरएक्स-एल ही गाडी केली. डाव्या-उजव्या स्कीला वेगळं सस्पेन्शन, पाय ठेवतो त्याच्या जवळून निघून पुढे स्कीपर्यंत जाणारा लांब आर्म, आडवे रॉड आणि प्रत्येक बाजूला स्प्रिंगवाला शॉकअप. १९७७-७८ च्या हंगामात बॉब ईस्टमनच्या हाताखालची ती टीम, जिला लोक मिडनाइट ब्ल्यू एक्सप्रेस म्हणायचे, या गाड्या घेऊन उतरली आणि बाकीच्यांना घाम फोडला. ही रेसिंगची गाडी. दुकानात मिळायची नाही.

आणि दोन वर्षांनी आली टीएक्स-एल इंडी. टीएक्स-एलचं इंजिन, आरएक्स-एलच्या पद्धतीचं पुढचं सस्पेन्शन, आणि ही मात्र कोणीही पैसे देऊन घरी नेऊ शकत होतं. इंडी हे नावच मुळी इंडिपेंडंटमधलं. आता मला सांगा, यात चिकटवलंय काय? वारसा जाहिरातीत चिकटवता येतो हे मला मान्य आहे, स्टिकर लावून, रंग देऊन, असं करणाऱ्या गाड्या मी पाहिल्यात. पण आर्म चिकटवता येत नाही. तो बोल्टने चासीला लागतो.

मी ईगल रिव्हरला गेलोय. विस्कॉन्सिनमधलं ईगल रिव्हर, जिथे १९६४ पासून बर्फाच्या ट्रॅकवर वर्ल्ड चॅम्पियनशिप होते, जिथे १९७४ ला जिल व्हिलन्यूव्ह जिंकला होता, अलुएट नावाच्या गाडीवर, फॉर्म्युला वनमध्ये जाण्याच्या आधी. जानेवारीत तिथे जुन्या गाड्यांच्याही शर्यती होतात. तिथल्या पार्किंगमध्ये एका म्हाताऱ्या माणसाने आरएक्स-एलचं बोनेट उघडून ठेवलं होतं, मी विचारलं हात लावू का, तो हो म्हणाला आणि मी गुडघ्यावर बसून डाव्या बाजूच्या आर्मवरून बोटं फिरवली, मागच्या पिव्हटपासून पुढे स्पिंडलपर्यंत. उणे २२ होतं, हातमोजा काढलेला, धातू कातडीला चिकटतो की काय असं थंड. माझ्या गॅरेजमध्ये १९९१ ची इंडी ५०० आहे. त्याच महिन्यात मी तिचे आडव्या रॉडचे टोकाचे जॉइंट बदलले होते, स्की उचलून हलवली की कटकट आवाज यायचा म्हणून. एका वर्कशॉपने सांगितलं होतं की पूर्ण आर्म बदलावा लागेल आणि मोठं बिल हातात दिलं होतं, मी घरी येऊन पान्ह्याने खोललं तर फक्त जॉइंट झिजलेले, दोन्ही बाजूंना मिळून चार. त्यामुळे तो आर्म कुठून निघतो, रॉड कुठे लागतो, शॉकअप कुठल्या कोनात बसतो हे सगळं हाताला ताजं होतं. आणि त्या पार्किंगमध्ये माझ्या हाताला तीच मांडणी लागली. माप वेगळं, धातू वेगळा, वेल्डिंग तर फारच वेगळं, पण मांडणी तीच. याला मी वारसा म्हणतो. तुम्ही दुसरा शब्द सुचवा, पण डोळे झाकले होते असं म्हणू नका, डोळे उघडे होते आणि हातही होता.

बरं, 'काकालोकांची गाडी.' हा शब्द तुम्ही तुच्छतेने वापरलाय, आणि मला सगळ्यात जास्त तोच लागलाय. हो, इंडी ट्रेलवर गेली. लाखो माणसांनी ती घेतली ती शर्यत लावायला घेतली नाही, घरून निघून साठ-सत्तर मैल जाऊन जेवून अंधार पडायच्या आत परत यायला घेतली. रेसमधली चांगली गोष्ट साध्या माणसाच्या मनगटापर्यंत पोचली यात कमीपणा कसला? १९७० च्या आसपास या धंद्यात शंभराहून जास्त कंपन्या होत्या, ऐंशीच्या दशकात हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या उरल्या, मुख्य म्हणाव्यात अशा चार. खुद्द पोलारिसला तिची मालक कंपनी टेक्स्ट्रॉन विकून टाकायला निघाली होती, १९८१ ला तिथल्याच मॅनेजर लोकांनी ती घेतली म्हणून मिनेसोटातल्या रोझो गावचा पोलारिसचा कारखाना चालू राहिला. त्या वाईट वर्षांत कंपनी कशाच्या जिवावर तगली? याच काकांच्या. इंडी ६०० आली तीन सिलिंडरची, ४०० आली, इंडी ट्रेल आली, १९८८ ला ६५०, १९८९ ला ५००, आणि नव्वदच्या दशकात एक्सएलटी, स्टॉर्म. पुढचं सस्पेन्शन मुळात तेच, दरवर्षी थोडं थोडं सुधारत नेलेलं.

आणि ती रेसिंगमधून बाहेर गेलीच नाही, हे तर तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. इंडीच्याच चासीवरच्या एक्ससीआर गाड्या नव्वदच्या दशकात क्रॉसकंट्रीला नुसत्या धावत नव्हत्या, जिंकत होत्या. नावातच क्रॉसकंट्री रेसिंग आहे. म्हणजे रेसमधून ट्रेलवर आणि ट्रेलवरून परत रेसमध्ये. ज्या गाडीला तुम्ही रमतगमत फिरणारी म्हणता तिच्याच आर्मवर ती पोरं गोठलेल्या नाल्यांवरून आणि शेताच्या बांधांवरून उड्या मारत शेकडो मैल जात होती. एकदा तो आवाज ऐका, तीन सिलिंडर टू-स्ट्रोकचा, लांबून येताना नुसती शिट्टी आणि जवळ आला की छातीत.

राहिलेले मुद्दे. ब्लिझार्ड आणि एल टिग्रे यांना दोन ओळी, हो दिल्या, कारण लेख इंडीवर होता. ब्लिझार्डबद्दल, इव्हॉन दुहामेल १९७० ला स्की-डूवर ईगल रिव्हर जिंकला त्याबद्दल, वालकूरच्या, म्हणजे स्की-डूच्या गावच्या, त्या पिवळ्या गाड्यांबद्दल मला कमी प्रेम नाही, जमेल तेव्हा लिहीन. मी पोलारिसचा भक्त आहे असा तुमचा रोख दिसतो, तर ज्या एडगर हेटीनने भागीदारांबरोबर रोझोला पोलारिस उभी केली त्यानेच पुढे बाहेर पडून थीफ रिव्हर फॉल्सला आर्क्टिक कॅट उभी केली, तर भक्ती करायची कोणाची? स्वतंत्र सस्पेन्शन आधी इतरांनी करून बघितलं, असेल, मी 'शोध लावला' असा शब्द वापरलाच नाही, परत वाचा. लेख उचलेगिरीचा वाटतो, तर कुठल्या पानावरून ते दाखवा, मी लेख काढून टाकतो.

कऱ्हाडचं मात्र परत काढू नका. वडील जाऊन सहा वर्षं झाली. २००४ ला ते इकडे आले होते, फेब्रुवारीत, आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघितला, आणि आल्या आल्या गॅरेजमध्ये जाऊन इंडीच्या पुढे वाकले. लुंगीवर स्वेटर, वर माझा जाडा कोट. शॉकअपवर हात ठेवून दाबून बघितलं, मग शेजारी उभ्या असलेल्या जुन्या टीएक्स-एलचे पाटे बघितले, परत इंडीकडे आले आणि म्हणाले, "हे ज्यानं केलं त्यानं आधी पाट्याच्या गाडीवर लई मार खाल्लेला असणार." त्यांना कोणी आरएक्स-एल सांगितली नव्हती, स्नो-प्रो सांगितलं नव्हतं, जाहिरात तर वाचताच येत नव्हती.

साल दुरुस्त केलंय. बाकी लेख आहे तसाच राहील. तुमची प्रतिक्रियाही राहील, उडवणार नाही. पुढच्या वेळी खाली नाव लिहा, म्हणजे मलाही उत्तर देताना कोणाला देतोय ते कळेल.