थांबायचं तर नेमकं कशासाठी?

'नवी ग्राफिक्स कार्डं तोंडावर आलीत, आत्ता पीसी बांधू नका' हा एका लेखातला सल्ला महागडं कार्ड घेणाऱ्यांना लागू पडतो, कमी बजेटवाल्यांना नाही. नव्या पिढीत सहसा आधी वरची मॉडेलं येतात. एनव्हिडियाचं महागडं आरटीएक्स ४०९० कार्ड ऑक्टोबर २०२२मध्ये आलं, त्याच पिढीतलं स्वस्तातलं ४०६० यायला जून २०२३ उजाडला. तोवर गेम खेळायचेच नाहीत का?

माझं स्पष्ट मत, थांबू नका. फक्त मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडतात तो मुख्य बोर्ड, निवडताना घाई नको, कारण कार्ड मागाहून बदलता येतं, बोर्ड बदलायचा तर सगळं उचकटावं लागतं. एएमडीचं एएम४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) बघा: २०१७च्या पहिल्या रायझन प्रोसेसरसाठी घेतलेल्या कितीतरी बोर्डांवर बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलं की २०२२चा रायझन ५८००एक्स३डी चालतो! पॉवर सप्लायही चांगलाच घ्या, पुढच्या कार्डालाही तोच पुरतो.

आणि कार्डासाठी थांबायचंच असेल, तर सध्या इंटिग्रेटेड, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सवर भागवा. पण मग रॅमची एकच स्टिक नको. ८-८ जीबीच्या दोन लावल्या की ड्युअल चॅनल मिळतं (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरल्या जातात) आणि फ्रेम रेटमधला, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या संख्येतला फरक लगेच जाणवतो. प्रोसेसरही नीट बघून घ्या, रायझन ५६००जीमध्ये ग्राफिक्स असतं, नुसत्या ५६००मध्ये नसतं.